एसडब्ल्यूआर सगळीकडे १.३, रॉड कापला तरी काटा हलेना: बेसचा अँटेना १४५ ला कसा आणायचा?

विश्रामबाग_१४५ (सांगली)

नमस्कार मंडळी. घरच्या हॅम रेडिओ बेस स्टेशनसाठी २ मीटर बँडचा (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) साधा क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन अँटेना बांधलाय: पाव तरंगलांबीचा उभा रॉड आणि त्याच्या पायथ्याशी रेडियल, म्हणजे बाजूला पसरलेल्या कांड्या. बांधून झाला, पण तो ट्यून कुठे झालाय हेच कळेना. मापं सगळी देतो, म्हणजे कुणाला अंदाजानं उत्तर द्यायला नको.

उभा रॉड म्हणजे ब्रेझिंगची पितळी कांडी, ३.१५ मिमी जाडीची. एसओ-२३९ सॉकेटच्या मधल्या पिनेत सोल्डर केली आहे. सॉकेटच्या पत्र्यापासून टोकापर्यंत आत्ता ५२० मिमी. त्याच कांडीचे चार रेडियल, तेही ५२० मिमी, सॉकेटच्या कोपऱ्यांतल्या भोकांत एम-३ स्क्रू-नटानं आवळलेले आणि सरळ आडवे. सॉकेट १ इंची पीव्हीसी पाइपच्या डोक्यावर बसवलंय. तो पाइप पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला यू-क्लॅम्पनं धरलाय. स्टँडचा उभा अँगल रॉडपासून दोन फुटांवर येतो. गच्चीवरून खालच्या खोलीपर्यंत आरजी-५८ केबल, २८ मीटर, दोन्ही टोकांना पीएल-२५९ कनेक्टर. रेडिओ ५० वॅटचा. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा, १ म्हणजे काहीच नाही) रेडिओशेजारी टेबलावर.

१४४.०, १४५.० आणि १४५.८ मेगाहर्ट्झ या तिन्ही ठिकाणी १.३. रॉड ५३० मिमी होता तेव्हाही १.३. १० मिमी कापला, काटा तिथंच.

प्रश्न तीन. १.३ येतंय तर अँटेना ठीक आहे असं धरून सोडून द्यावं का? ठीक असेल तर आष्ट्याच्या स्टेशनशी बोलताना दोन्ही बाजूंनी खरखर का? आणि कापायचा तर किती, कुठून मोजून? मला १४५.५०० सिम्प्लेक्स (थेट रेडिओ ते रेडिओ) आणि ६०० किलोहर्ट्झ फरकाची रिपीटर जोडी (मधल्या स्टेशनमार्फत), दोन्ही चालवायचं आहे.

कऱ्हाड_क्यूटीएच

ओएम (दोस्त), आता रॉडला हॅक्सॉ लावू नका. तुमचा मीटर अँटेना मोजत नाहीये, केबल मोजतोय.

आरजी-५८ चा लॉस (केबलमध्ये वाया जाणारी पॉवर) १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डीबी धरा, दर ३ डीबीला पॉवर निम्मी होते. २८ मीटरला झाले ५.६ डीबी. तुमची पॉवर वर जाताना ५.६ डीबी खाते, अँटेनानं परत पाठवलेली पॉवर खाली येताना आणखी ५.६ डीबी खाते. परतीची लाट मीटरपाशी पोचते तेव्हा तिच्यात जीवच उरत नाही, आणि मीटर म्हणतो सगळं छान आहे. हिशोब करून बघा: वर अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ३ असला तरी खाली टेबलावर १.३ च दिसणार. म्हणून १० मिमी कापल्याचा फरक दिसला नाही. फरक पडला होता, केबलनं तो गिळला.

खात्री करायची असेल तर सोपी चाचणी आहे. रेडिओ सगळ्यात कमी पॉवरला, ५ वॅटला आणा. वर जाऊन केबल अँटेनापासून सोडा, टोक मोकळं ठेवा. खाली येऊन मोकळ्या चॅनेलवर दोन सेकंद की (बोलायचं बटण) दाबा. अँटेनाच नाही म्हटल्यावर काटा टोकाला जायला हवा. तुमच्याकडे तो १.७५ च्या आसपास थांबेल. केबल जुनी, काळवंडलेली असेल तर १.५ सुद्धा दाखवेल. या आकड्याची नोंद ठेवा, त्यावरून केबलची तब्येत कळते.

आष्ट्याच्या खरखरीचं मोठं कारणही इथंच आहे. ५० वॅटमधले जेमतेम १४ वॅट अँटेनापर्यंत जातात, आणि येणारा सिग्नलही तेवढाच मार खातो. तेवढ्याच लांबीला आरजी-२१३ टाकली तर लॉस अडीच डीबी, वर २८ वॅट पोचतात. एलएमआर-४०० च्या जातीची केबल टाकली तर दीड डीबीच्या आत, ३६ वॅट. सांगलीत हे जास्त मनावर घ्यायला हवं. कृष्णा आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी गाठते तेव्हा लाइटचा भरवसा नसतो आणि रेडिओ बॅटरीवर चालवायचा असतो. ५० वॅटसाठी बॅटरीतून १० अँपिअरच्या वर ओढायचे आणि त्यातले ३६ वॅट केबल तापवण्यात घालवायचे, हे मला पटत नाही. आधी केबल बदला, मग रेडिओ, मग बाकीचं.

आता मोजायचं कसं. मीटर वर न्या, अँटेनाच्या पायथ्याशी. नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र असेल किंवा कुणाकडून दोन तास मिळत असेल तर सगळ्यात बरं, कारण त्यात १३० ते १६० मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा आलेख एका नजरेत दिसतो. तुमच्या रेडिओनं फक्त १४४ ते १४६ मध्येच ट्रान्समिट करता येतं, परवानाही तेवढाच. डिप (आलेखातला सगळ्यात कमी एसडब्ल्यूआरचा खळगा) त्याच्या बाहेर पडली असेल तर रेडिओ आणि मीटरनं ती कधी सापडणारच नाही. व्हीएनएचा सिग्नल मिलीवॅटपेक्षाही कमी असतो, त्यानं कुणाला त्रास होत नाही.

कॅलिब्रेशन (मोजण्याआधी यंत्र जुळवणं) घाईत उरकू नका. आधी स्टार्ट १३०, स्टॉप १६० टाका, कॅलिब्रेशन नंतर. रेंज बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. अँटेनाला जो छोटा केबलचा तुकडा लागणार आहे तो आणि त्यावरचा अडॅप्टर आधी व्हीएनएला जोडा, आणि ओपन, शॉर्ट, लोड हे कॅलिब्रेशनचे तीन जोड त्या तुकड्याच्या शेवटच्या टोकाला लावा. व्हीएनएच्या तोंडावर कॅलिब्रेट करून मग तुकडा जोडला तर रोधाचे आकडे चुकीचे येतात. लोड लावल्यावर १.०० ते १.०२ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पुन्हा. आणि अँटेना जोडण्याआधी त्याचा उभा रॉड आणि रेडियल एका वायरनं क्षणभर शॉर्ट करा. कोरड्या वाऱ्यात रॉडवर स्थिर वीज साठते आणि व्हीएनएचं इनपुट नाजूक असतं. शेजारी कुणी हँडी (हातातला रेडिओ) घेऊन उभं असेल तर मोजणी चालू असताना त्याला की दाबू देऊ नका.

मिरज_तार

केबलचं वर आलंच आहे, मी रॉड आणि रेडियलपुरतं लिहितो.

तुमचे दोन दोष एकमेकांत मिसळलेत. एक लांबीचा, एक कोनाचा. दोन्हींचं लक्षण वेगळं असतं. लांबी ठरवते डिप कुठल्या फ्रिक्वेन्सीला पडणार, कोन ठरवतो ती किती खोल जाणार. चार रेडियल आडवे असले की फीड पॉइंटचा (केबल जोडते त्या जागेचा) रोध ५० ओहमच्या बराच खाली राहतो, २० ते ३५ ओहमच्या घरात. मग लांबी कितीही अचूक करा, डिपचा तळ दीड-दोनच्या आसपासच अडकणार. रेडियल खाली झुकवत नेले की रोध चढतो आणि साधारण ४५ अंशांना ५० च्या जवळ येतो. छत्री अर्धवट मिटल्यासारखा आकार दिसला पाहिजे.

म्हणून कोन आधी, लांबी नंतर. उलटं केलंत तर कोन बदलल्यावर डिप सरकते आणि कापलेलं परत जोडत बसावं लागतं. वाकवताना कांडी स्क्रूपाशी वाकवू नका, तिथं पितळ चिरतं. स्क्रूभोवतीच्या हुकाच्या थोडं पुढे, दोन पक्कडींत धरून वाकवा. चारही रेडियलची टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर येतात का, ते टेपनं बघा.

लांबीचा हिशोब: चतुर्थांश तरंगलांबी मिलीमीटरमध्ये म्हणजे ७५,००० भागिले मेगाहर्ट्झ. १४५ ला ५१७ मिमी. उभा रॉड त्याच्या ९५ टक्के, म्हणजे ४९० च्या आसपास. रेडियल त्याहून ५ टक्के लांब. म्हणजे तुमचे ५२० चे रेडियल बरोबर आहेत, त्यांना हात लावू नका. उभा रॉडच लांब आहे आणि तुमची डिप १३७-१३८ ला कुठंतरी पडली असणार. आमच्याकडे सतारीला जे लागू तेच इथं: तार आखूड, तर सूर वर.

कापताना हे सूत्र: नवी लांबी = आत्ताची लांबी × डिपची फ्रिक्वेन्सी ÷ हवी ती फ्रिक्वेन्सी. जो फरक येईल त्याचा ६० टक्केच पहिल्या फेरीत कापा. इथं १ मिमीला पाव ते ०.३ मेगाहर्ट्झ सरकतं. शेवटचे ३-४ मिमी हॅक्सॉनं नको, कानस घ्या. कानस मारून रॉड गरम होतो, निवल्यावर मोजा.

मीटर वर नेताना मधला तुकडा मात्र अर्ध्या तरंगलांबीचाच घ्या. आरजी-५८ चा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला लाटेचा वेग, प्रकाशाच्या तुलनेत) ०.६६, म्हणजे १४५ ला ६८ सेंमी, किंवा त्याची पट, १३७ सेंमी. तरच खरं रीडिंग येईल.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

मिरजकरांचं कोन-लांबीचं सगळं पटलं. शेवटच्या ओळीबद्दल थोडं.

५० ओहमच्या, लॉस नगण्य असलेल्या केबलवर एसडब्ल्यूआर सगळीकडे सारखाच असतो. ६८ सेंमी घ्या नाहीतर ९० घ्या, तो बदलत नाही. बदलतात ते रोधाचे दोन भाग, रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स. ते जसेच्या तसे वाचायचे असतील तर अर्धी तरंगलांबी लागते, आणि तेही एकाच फ्रिक्वेन्सीला. व्हीएनए टोकाला कॅलिब्रेट केला असेल तर तीही अट उरत नाही. मी ही गोष्ट धरून बसतो, कारण केबल कमी-जास्त करून एसडब्ल्यूआर “ट्यून” करण्याची सवय फार पसरली आहे. केबलची लांबी बदलून एसडब्ल्यूआर बदलत असेल तर त्याचा अर्थ केबलचं बाहेरचं वेणीचं आवरण स्वतःच अँटेना झालंय. तो वेगळा रोग आहे आणि त्याचं औषध केबल कापणं नाही.

तो रोग ओळखायचा असा. व्हीएनएवर डिप दिसत असताना अँटेनाच्या खाली हातभर अंतरावर केबल मुठीत धरा, सोडा, पुन्हा धरा. डिप जागची हलली किंवा तळ वर-खाली झाला तर कॉमन मोड करंट, म्हणजे वेणीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह, केबलवरून खाली येतोय. औषध: सॉकेटच्या लगेच खाली क्लिप-ऑन फेराइट (केबलभोवती बसणारी चुंबकीय कडी), ४३ मटेरियलचे, चार-पाच नग एकाला एक चिकटून. आरजी-५८ ला ५ मिमी भोकाचे चालतात. जाड केबल घ्यायच्या विचारात असाल तर तिच्या १० मिमी जाडीला बसणारे आत्ताच घ्या. फेराइट न मिळाल्यास केबलचेच चार-पाच वेढे घालून गुंडाळी करतात, पण १४५ ला वेढे जास्त झाले की ती गुंडाळी काम करेनाशी होते. फेराइटवर विसंबणं बरं.

दुसरं, टाकीचा स्टँड. लोखंडी अँगल रॉडच्या दोन फुटांवर, म्हणजे जवळपास ६० सेंमी. हे अंतर तरंगलांबीच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. या अंतरावर उभा लोखंडी अँगल अँटेनाचा भाग होऊन बसतो: डिप सरकवतो आणि त्या बाजूचा सिग्नलही कमी-जास्त करतो. उभ्या रॉडच्या पातळीत एक मीटरपर्यंत धातू नको. सगळ्यात सोपं म्हणजे पाइप एवढा उंच घ्या की रेडियलची टोकंसुद्धा टाकीच्या झाकणाच्या वर राहतील. अँटेनाच्या खाली असलेला धातूचा पाइप तेवढा बाधत नाही, बाजूचा बाधतो.

ट्यूनिंग कुठे करायचं हाही प्रश्न येतो. गच्चीच्या फरशीवर उभा करून ट्यून केलेला अँटेना वर चढवल्यावर सरकतो. फरशीतल्या सळया, कठड्याचा पाइप, सगळं त्यात येतं. लाकडी बांबू किंवा पीव्हीसी पाइपवर, रेडियलची टोकं फरशीपासून निदान २ मीटर वर ठेवून कापाकापी करा आणि शेवटचे १-२ मिमी प्रत्यक्ष जागेवर बसवल्यावर. महावितरणच्या तारा गच्चीजवळून जात असतील तर पाइप आडवा पडला तरी तारेला लागणार नाही एवढं अंतर आधी मोजा, मग शिडी लावा.

विश्रामबाग_१४५ (सांगली)

सगळ्यांचे आभार. सांगितलं त्या क्रमानं केलं, आकडे देतो.

केबलचं टोक मोकळं सोडून खाली मीटरवर १.७. म्हणजे निदान बरोबर होतं.

व्हीएनए मिळाला. बांबूवर, फरशीपासून अडीच मीटर वर, स्टँडपासून लांब. रेडियल आडवे असताना डिप १३७.६ ला, तळ १.९. रेडियल ४५ अंश केल्यावर डिप १३८.२, तळ १.१५. हे डोळ्यांदेखत बघताना बरं वाटलं. केबल मुठीत धरल्यावर डिप अर्धा मेगाहर्ट्झ हलत होती. पाच फेराइट लावल्यावर आता हलत नाही.

हवी ती फ्रिक्वेन्सी १४५.२ धरली, म्हणजे १४५.५०० आणि रिपीटरची खालची बाजू दोन्ही आवाक्यात येतील. सूत्रानं ५२० × १३८.२ ÷ १४५.२ = ४९५, म्हणजे २५ मिमी जादा. पहिल्या फेरीत १५ मिमी कापले, डिप १४२.० वर आली. आणखी ८ मिमी कापले, १४४.१.

आता सूत्राप्रमाणे २ मिमीच राहिले, पण डिप अजून १ मेगाहर्ट्झहून जास्त खाली आहे. सूत्र चुकतंय की माझं माप? आणि चुकून जास्त कापलं गेलं तर?

मिरज_तार

माप बरोबर आहे. सूत्र असं धरून चालतं की अँटेनाचा सगळा भाग एकाच प्रमाणात आखूड होतोय. तुम्ही फक्त उभा रॉड आखूड करताय, रेडियल आहेत तेवढेच. म्हणून डिप हिशोबापेक्षा थोडी कमी सरकते. ही चूक आपल्या सोयीची आहे, कारण सूत्र कमी कापायला सांगतं. १५ मिमीला ३.८ आणि ८ मिमीला २.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे तुमच्या अँटेनाचा भाव मिमीला ०.२५-०.२६. उरलेल्या १.१ साठी ४ मिमी. तीन कापा, एक कानशीनं काढा.

जास्त गेलंच तर घाबरायचं कारण नाही. ३.१५ च्या कांडीवर घट्ट बसेल अशी पितळी नळी, दोन इंचांचा तुकडा, टोकावर सरकवा, हवी तेवढी पुढे काढा, सोल्डर करा. खरं तर पहिल्यापासूनच रॉड १० मिमी आखूड ठेवून वर अशी नळी ठेवली तर कापायची वेळच येत नाही: नळी वर-खाली सरकवायची आणि जागा पक्की झाली की डाग द्यायचा. टोक जरा जाड झाल्यानं डिप किंचित खाली येते, तेवढं गृहीत धरा.

पलूस_५बाय८

मध्येच विचारतो. माझ्याकडे तयार ५/८ वेव्हचा बेस अँटेना आहे, खाली कॉइलचा डबा आणि तीन छोटे रेडियल. त्यालाही हेच कापायचं सूत्र चालेल का?

कऱ्हाड_क्यूटीएच

नाही. ५/८ वेव्ह रॉड स्वतः रेझोनन्ट नसतो, त्याची कॉइल ती उणीव भरून काढते. १४५ ला रॉड साधारण १२२ सेंमी असतो. तिथं दोन गोष्टी एकत्र फिरतात: रॉडची लांबी आणि कॉइलवरचा टॅप (जोडणीची जागा). रॉड कापत गेलात आणि डिप हलली पण तळ दोनच्या खाली येईना, तर दोष टॅपचा आहे. तयार अँटेनाबरोबर कटिंग चार्ट येतो, त्यात तुमच्या फ्रिक्वेन्सीसमोर जी लांबी आहे तीवर ५ मिमी जादा ठेवून सुरू करा. चार्टमधलं माप डब्याच्या वरच्या कडेपासून आहे की ग्रब स्क्रूपासून, हे नीट वाचा. निम्म्या चुका तिथं होतात. फायबरग्लासच्या नळीतला कोलिनिअर (एकावर एक रचलेल्या भागांचा अँटेना) असेल तर तो उघडून काही कापू नका, आतले सगळे भाग एकमेकांवर अवलंबून असतात.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सांगलीकर, डिप जागेवर आली की लगेच पाण्याचा बंदोबस्त करा. पश्चिमेला पाटण-महाबळेश्वरकडे जे चार महिने कोसळतं ते तुमच्याकडे येत नाही, पण पीएल-२५९ ला एक वळीवसुद्धा पुरतो. तो कनेक्टर मुळात पाणबंद नाही. आत गेलेलं पाणी वेणीतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं केबलभर पसरतं, तांबं काळं पडतं आणि लॉस वाढत जातो. आणि लॉस वाढला की खाली मीटरवर एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा दिसतो! पावसाळ्यात टेबलावरचा आकडा आपोआप चांगला झाला तर खूश होऊ नका, वर जाऊन कनेक्टर उघडा.

बांधायची पद्धत: कनेक्टरवर आधी चांगली पीव्हीसी टेप, अर्धी-अर्धी चढवत. तिच्यावर सेल्फ अमाल्गमेटिंग रबर टेप, ओढून दुप्पट लांब करत, खालून वर. खालून वर गुंडाळलं की थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी ओघळून जातं, वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक थराच्या फटीत पाणी अडतं. रबरावर पुन्हा पीव्हीसी टेप, उन्हासाठी. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, पाणी तिथून टपकेल. सॉकेटच्या वरच्या बाजूला, जिथं रॉड पिनेत शिरतो, तिथं एपॉक्सी किंवा न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, तांब्या-पितळेला गंज चढवतं. आणि एपॉक्सी वाळल्यावर एकदा परत मोजा, डिप थोडी खाली आलेली असेल. तेवढ्यासाठीच तो शेवटचा १ मिमी कानशीला राखून ठेवा.

एप्रिल-मेच्या वळवात आपल्या पट्ट्यात विजा फार. पाइप लोखंडी करणार असाल तर त्याला जीआय पट्टीनं, कुठंही गोल न फिरवता, सरळ जमिनीतल्या अर्थिंगला जोडा आणि घराच्या अर्थिंगशी तिची जोड असू द्या. ढग जमले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवायची सवय लावा. विजेचा अरेस्टर लावला तरी.

विश्रामबाग_१४५ (सांगली)

३ मिमी कापले: १४४.९. एपॉक्सी भरून वाळवली: १४४.७. कानशीनं २ मिमी काढले: १४५.२. तळ १.१२. रॉड आता ४९२ मिमी. पाइप दीड मीटर वर उचलला, रेडियलची टोकं झाकणाच्या हातभर वर आहेत. जागेवर बसवल्यावर डिप १४५.१, ती तशीच ठेवली. १४४ ला १.१८, १४६ ला १.१६.

अजून कापून १.०५ पर्यंत न्यावं का, असं एकदा मनात आलं.

कऱ्हाड_क्यूटीएच

नका नेऊ. १.५ ला ४ टक्के पॉवर परत येते, १.१ ला पाव टक्काही नाही. पुढच्या स्टेशनला या दोन्हींतला फरक कानानं कळत नाही. तुमचे ३६ वॅट अजून आरजी-५८ मध्येच जातायत, लक्ष तिकडे द्या. २८ मीटरही मोजून घ्या: केबल भिंतीवरून सरळ खाली आणली आणि रेडिओ जिन्याच्या बाजूच्या खोलीत हलवला तर किती मीटर वाचतात ते बघा, प्रत्येक मीटर मोजण्याजोगा आहे. जाड केबल वाकवताना १० सेंमीपेक्षा लहान वळण देऊ नका. तिचं वजन सॉकेटवर लोंबकळत ठेवू नका, पाइपला हातभर अंतरावर बांधा, नाहीतर वाऱ्यानं पिनेचा डाग सुटतो.

नवीन केबल टाकल्यावर दोन आकडे लिहून टेबलाच्या कप्प्यात चिकटवा. एक, अँटेना जोडलेला असताना मीटर काय म्हणतो. दोन, ५ वॅटवर टोक मोकळं ठेवून काय म्हणतो. एलएमआर-४०० जातीच्या २८ मीटरला मोकळ्या टोकाचा आकडा ६ च्या आसपास यायला हवा. यात कमी पॉवर आणि दोन सेकंदच, कारण आता जुन्या केबलचा लॉस रेडिओला वाचवायला मध्ये नसेल. पुढच्या वर्षी तोच आकडा ४ वर आला तर पाणी शिरलंय.

विश्रामबाग_१४५ (सांगली)

केबल या आठवड्यात आणतोय. पाइपला बांधायला क्लिपा वापरू की नायलॉन टाय?

मिरज_तार

काळे नायलॉन टाय, उन्हाला टिकणारे. पांढरे दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तुटतात. आवळताना केबल चेपायची नाही, टाय बोटानं थोडा फिरला पाहिजे.